दीड मीटरची वायर

“होय की नाही, एवढंच सांगा चाचा. वायर लांब झाली की आवाज बिघडतो की नाही?”

पराग सबनीसनं चप्पल काढायच्या आधीच विचारलं. कोल्हापूरपासून मिरजेपर्यंत तो हाच प्रश्न दातओठ खात घोळवत आला होता.

युसूफचाचांनी मान वर केली नाही. तीस वर्षं त्यांनी रेडिओवर गाणं-बजावणं ध्वनिमुद्रित केलं होतं. आता दर्ग्यामागच्या बोळातल्या एका खोलीत बसून ते म्हाताऱ्याकोताऱ्यांची कानाची यंत्रं दुरुस्त करत. माइक कुठं ठेवायचा इथपासून सगळं परागला त्यांनीच शिकवलं होतं.

“कुठली वायर?”

“डिजिटल. वाजवणाऱ्यापाशी आपण डबा ठेवतो ना, आवाजाचे आकडे करणारा, तिथून मशीनपर्यंत जाणारी. मी दीड मीटरच्या वर कधी जात नाही. माझ्या हाताखालच्या शर्वरीनं पंधरा मीटरची जोडली. मला न विचारता!”

“का जोडली?”

“रामलिंगआप्पांची सनई घ्यायची होती. काचेच्या खोलीत त्यांना गुदमरायला होतं म्हणाले. हिनं लगेच त्यांना बाहेर हॉलमध्ये, खिडकीपाशी बसवलं. मशीन आत, आप्पा बाहेर. सनई अशी कर्कश आली की बस्स. पत्रा फाडावा तशी.”

“मग?”

“मग मी ओरडलो. तर तोंड वर करून मला म्हणते, सर, वायरीच्या लांबीनं असं होत नाही. माझ्या स्टुडिओत! आप्पांच्या समोर! नऊ वर्षं शिकवलं मी तिला. त्याच दुपारी हाकलली.”

चाचांनी हातातलं यंत्र खाली ठेवलं.

“आता ती गावभर सांगत फिरेल, सबनीसांना काही कळत नाही म्हणून,” पराग म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “तुम्ही एक शब्द सांगा. तुमच्या शब्दापुढं ती काय बोलणार?”

“ऐकव.”

परागनं लॅपटॉप उघडला. चौथा टेक लांब वायरीवरचा होता. त्यानंतर त्यानं सगळं मशीनच उचलून हॉलमध्ये आणलं होतं आणि आपली दीड मीटरची वायर जोडली होती. पाचवा टेक त्या वायरीवरचा. जागा तीच, माइक तोच.

चाचांनी डोळे मिटून दोन्ही ऐकले. मग पुन्हा ऐकले. पराग त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिला.

“फरक आहे,” चाचा म्हणाले.

“बघा! चौथ्यात नुसते काटे, आणि पाचव्यात लोणी. मी म्हणत नव्हतो?” त्यानं लगेच फोन काढला. शर्वरीला आत्ताच्या आत्ता ऐकवायचं होतं.

“पण फरक वायरीचा नाही.”

परागचा अंगठा फोनवरच थांबला.

“आकडा पोचतो, नाहीतर पोचत नाही. पोचला नाही तर खट् वाजतं, मध्येच आवाजाला भोक पडतं. पंधरा मीटर चालून आला म्हणून आकडा काही करपत नाही. पोरगी बरोबर बोलली.”

“म्हणजे तुम्हीही तिच्याच बाजूचे!” पराग उठून उभा राहिला. “माझ्या कानांनी ऐकलंय मी. आत्ता तुम्हीसुद्धा ऐकलंत. तुमचं काम टेपवरचं, चाचा. ह्यातलं तुम्हाला काय ठाऊक?”

बोलून गेल्यावर त्यालाच ते लागलं. पण त्यानं शब्द मागं घेतला नाही.

...

चाचा सावकाश उठले. त्यांनी हेडफोन परागच्या कानांवर चढवले आणि दोन्ही तळव्यांनी घट्ट दाबून धरले. त्याला मान हलवता येईना.

“चौथा लाव. सनई ऐकू नकोस. सनई सुरू व्हायच्या आधीचं ऐक.”

परागनं लावला. आधी शांतता होती. मग श्वास. श्वासाच्या मागोमाग घोट गिळल्याचा आवाज. आणि एक बारीकसं ‘हं’, ओझं उचलताना तोंडातून निघतं तसं.

“पुढचं.”

पाचव्यात दोनदा गिळल्याचा आवाज होता. मग सनई. मऊ, खालच्या सुरातली. हीच जागा त्यानं चाळीस वेळा तरी ऐकली असेल.

“वरच्या ‘सा’ला का गेले नाहीत?” चाचांनी विचारलं.

परागनं ती जागा पुन्हा लावली.

“जायला निघाले होते. वाटेत थांबले. का?”

“थकले असतील. वय झालंय.”

“चौथ्यात ते एका बाजूनं ओठ दाबून वाजवतायत. म्हणून तुला काटे लागले. पाचव्यात ओठ दाबताच येईनात. त्याला तू लोणी म्हणालास.” चाचांनी हात काढले. “त्यांच्या तोंडाला काहीतरी झालं होतं. किती वेळा वाजवायला लावलंस?”

“सात.”

चाचांची मूठ मेजावर आदळली. बारीक स्क्रू फरशीभर उडाले.

“सात! समोर बसून तू त्या माणसाला सात वेळा फुंकायला लावलंस?”

त्यांना एवढं चिडलेलं परागनं कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या रागातली हवाच गेली, तरी तो पुटपुटला, “ते काही बोलले नाहीत...”

“फोन लाव.”

“कुणाला?”

“आप्पांना लाव!”

फोन सुनेनं उचलला. परागनं आपलं नाव सांगितलं.

“आप्पांना देता का जरा?”

“त्यांना बोलता येत नाही, साहेब. जबडा सुजलाय. तुमच्याकडं येण्याच्या आदल्या दिवशी दाढ काढली होती, टाके होते. आम्ही नको म्हणत होतो. तारीख दिलीय, म्हणाले, आणि गेले. घरी आले ते टॉवेल तोंडाला धरूनच. सगळा टॉवेल रक्तानं...” बाई थांबली. मग तिचा आवाज चढला. “तुम्ही सारखं ‘पुन्हा घ्या’ म्हणत होता म्हणे. त्यांना वाटलं, आपलंच कुठंतरी चुकतंय. अजून पाटीवर लिहून दाखवतात, माझी कुठली जागा चुकली ते साहेबांना विचारा. काय सांगू मी त्यांना? सांगा ना! काय सांगू?”

तिनं फोन ठेवला.

बोळातून कुणाचीतरी सायकल खडखडत गेली.

“शर्वरीनं दोनदा म्हटलं होतं,” तो खाली बघत म्हणाला, “आप्पांना जरा थांबू द्या म्हणून. मला वाटलं, ती वायरीचा विषय टाळतेय.”

चाचा फरशीवर बसून स्क्रू गोळा करू लागले. पराग मदतीला वाकला, तेव्हा त्यांनी त्याचा हात झटकून टाकला.

“मी तिला परत बोलावतो. पाया पडून बोलावतो,” पराग म्हणाला. “हे सगळे टेक पुसून टाकतो. आप्पांना लिहून कळवतो की त्यांचं काही चुकलं नव्हतं. आणखी काय करू? तुम्हीच सांगा.”

“आधी त्यांच्याकडं जा. शेजारी बस आणि त्यांचं ऐकून ये.”

“पण चाचा...” परागनं मान वर केली. “त्यांना बोलता येत नाही.”

चाचा ताडकन उभे राहिले आणि त्यांनी दाराकडं बोट केलं.

“तेच ऐकून ये!”