अडलेल्याची खुर्ची

"आता माझी कसली परीक्षा घेताय, सर?" शर्वरीनं विचारलं.

मैनुद्दीन सर चहा ओतत होते.

तिला वाटलं होतं, एडिनबराहून शिकून परत आलेली मुलगी दारात दिसताच सर उठून उभे राहतील. सरांनी तिला आधी चपला बाहेर काढायला लावल्या. तिला वाटलं होतं, उदगीरला ज्यांच्या हाताखाली इतके संगणक दुरुस्त करणारे तयार झाले, त्यांची मोठी प्रयोगशाळा असेल. निघाली ती पिठाच्या गिरणीवरची एक खोली. पायाखालची फरशी दिवसभर थरथरणारी. प्रत्येक टेबलाशी दोन खुर्च्या. एक शिकणाऱ्याची. दुसरीला सगळे 'अडलेल्याची खुर्ची' म्हणत. गावातलं कुणीही आपलं बिघडलेलं यंत्र घेऊन यायचं आणि तिच्यात बसायचं. सर शिकणाऱ्यांची परीक्षा घ्यायचे ती तिथंच.

"तिकडे मी अख्ख्या विद्यापीठाचं मदतकेंद्र सांभाळलंय," शर्वरी म्हणाली. "आणि ही तर पहिल्या पायरीची परीक्षा. बारावी झालेल्या पोरी देतात."

"त्याच पोरींना शिकवणार ना तू?"

शिकवणार होती. त्यासाठीच तर ती तिकडची नोकरी सोडून आली होती. गावातल्या मुलींनी हे काम शिकावं, प्रमाणपत्र मिळवावं, तालुक्याच्या कचेऱ्यांत आणि दवाखान्यांत मानानं नोकरीला लागावं. खोली भाड्यानं घेतली होती. सहा मुलींनी नावं दिली होती. सोमवारी वर्ग सुरू व्हायचा होता. पण ती स्वतः ही परीक्षा पास झाल्याची, सरांसारख्या परीक्षकाची सही असल्याशिवाय तिच्या केंद्रातल्या मुलींना परीक्षेला बसता येणार नव्हतं.

"मग घ्या परीक्षा," ती म्हणाली.

तेवढ्यात अंगणवाडीच्या सुशीलाताई जिना चढून आल्या. छातीशी लॅपटॉप. अडलेल्याच्या खुर्चीत बसून त्यांनी तो उघडला.

पडदा चक्क उलटा झाला होता. अक्षरं डोक्यावर उभी.

शर्वरीला हसू आलं. तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि तीन बटणं एकदम दाबली. पडदा सरळ झाला.

"झालं," ती म्हणाली.

सरांनी पेनाचं टोपण काढलं. कागद पुढं ओढला. मग सुशीलाताईंकडे पाहिलं.

"झालं का ताई, काम?"

सुशीलाताईंनी सरळ झालेल्या पडद्यावरून बोट फिरवलं.

"ताई?"

"झालं म्हणायचं," सुशीलाताई पदर सारखा करत म्हणाल्या. "मॅडमनी एवढं झटक्यात केलं... आता काय बोलावं?"

"बोला की."

"पडद्याचं काही नाही हो, सर. मान वाकडी करून वाचलं असतं मी. लेकरांची वजनं गेलीत ना त्यातून. ती शोधता शोधता काहीतरी दाबलं गेलं, अन् हे उलटं झालं. उद्या बैठकीला वजनं दाखवायचीत."

खाली गिरणी थांबली. खोली एकदम शांत झाली.

"हे आधी सांगायचं नाही का?" शर्वरी म्हणाली.

"तुम्ही विचारलं कुठं?"

शर्वरीचे कान तापले. तिनं पुन्हा लॅपटॉप ओढला. पुसलेल्या फायलींच्या टोपलीत वजनं सापडली. तिनं ती जागेवर आणून ठेवली. सुशीलाताईंनी एकेका लेकराचं नाव ओठांतल्या ओठांत वाचून पाहिलं, तिला तोंडभर आशीर्वाद दिला आणि त्या जिना उतरून गेल्या.

"सापडलं की, सर."

"सापडलं."

"मग सही?"

सरांनी पेनाला टोपण लावलं.

"माझ्या सहा मुली सोमवारी येणार आहेत, सर."

"हो... येतील ना."

"त्यांना मी काय सांगू?"

सरांनी तिचा चहा तिच्यापुढं सरकवला. तो गार झाला होता. तिनं तो घेतला नाही.

घरी जाताना तिच्या मनात रागच होता. सही करणारे हे एकटेच आहेत का? जिल्ह्याला दुसरं कुणी भेटेल. भेटलंही असतं. पण 'तुम्ही विचारलं कुठं' हे वाक्य काही केल्या मागं सरेना.

सकाळी तिनं सगळ्यात आधी फोन हातात घेतला. सहाही मुलींना सांगितलं, वर्ग सोमवारी नाही, महिन्यानं सुरू होईल.

"ताई, सुरू व्हायच्या आधीच बंद?" एकीनं टोमणा मारलाच.

"बंद नाही," शर्वरी म्हणाली. "मीच शिकून यायचीय अजून."

सर गिरणीवरच्या खोलीत आले तेव्हा दाराबाहेर चपलांचा एक जोड होता. आत शिकणाऱ्यांच्या सगळ्या खुर्च्या मोकळ्या होत्या. शर्वरी अडलेल्याच्या खुर्चीत बसली होती, हात मांडीवर ठेवून.

सरांनी पिशवी खुंटीला अडकवली. तिच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसले.

"बोला, ताई. काय अडलंय?"