खारीचे चाहते आणि कोल्ह्याचा जळफळाट

सागाच्या एका रानात एक कोल्हा राहत असे. हुशार होता, चपळ होता. पण दुसऱ्याचं कौतुक झालं की त्याच्या पोटात दुखायचं. आणि त्या हिवाळ्यात तर, बाळांनो, ते रोजच दुखत होतं! झालं असं, की सहलीला आलेली माणसं आपला टॅब झाडाखाली विसरून गेली. त्याच्या पाठीला उन्हावर चालणारी पट्टी होती, म्हणून उन्हात ठेवला की तो चालू व्हायचा. त्यात एकच व्हिडिओ गेम होता. एक इवलासा शिपाई खंदक ओलांडत, राक्षसांना चुकवत सात किल्ले जिंकायला निघायचा.

खेळायची पाळी सगळ्यांना मिळे, पण गर्दी जमायची ती खारीच्या पाळीला. खार काही मोठी खेळाडू नव्हती. तिसऱ्या किल्ल्यावरच तिचा शिपाई धपकन पडायचा. पण तिच्या चाहत्यांचा थाट काय विचारता! त्यांनी त्या शिपायाचं नाव ठेवलं होतं ठेंगूराव. खंदक आला की माकडं टाळ्यांचा ठेका धरायची. मोर ओरडायचा, "अगं डावीकडून, डावीकडून!" आणि ठेंगूराव पडले की सगळे एका सुरात "गेले बिचारे!" म्हणून पोट धरधरून हसायचे. कोल्हा तर पाचव्या किल्ल्यापर्यंत सहज जायचा. पण कोणी नुसतं 'हूं' केलं तरी तो खेकसायचा, "गप्प बसा! माझं लक्ष जातं." मग त्याच्या पाळीला थांबणार कोण?

"हिला दोन उड्या धड मारता येत नाहीत, आणि हिचे एवढे लाड!" कोल्हा आतल्या आत जळत होता. "सगळी करामत त्या टॅबची. तो माझ्याकडे आला, की हे सगळे मुकाट माझ्यामागे येतील." एका दुपारी सारे पाणवठ्यावर गेलेले पाहून त्याने टॅब तोंडात धरला आणि थेट टेकडीवरची आपली गुहा गाठली.

गुहेच्या तोंडाशी उन्हात बसून तीन दिवस तो खेळला. कोणी आलं नाही. शिपाई खंदकात पडला, कोणी हळहळलं नाही. चौथ्या दिवशी त्याने सातवा किल्ला जिंकला! "जिंकलो!" म्हणून त्याने मान वळवली, तर मागे नुसते दगड. मग मात्र त्याला राहवेना. टॅब घेऊन तो धावत खाली आला.

खाली पाहतो तर काय! वाळूत किल्ले रचलेले, खार स्वतःच ठेंगूराव झालेली आणि अस्वल राक्षस. सगळीकडे नुसता गोंधळ आणि हशा.

"थांबा!" कोल्हा धापा टाकत म्हणाला. "मी सातवा किल्ला जिंकला!"

"काय सांगतोस!" माकड पुढे आलं. "मग तिथे पोचल्यावर ठेंगूराव काय म्हणाले?"

"म्हणणार काय? चित्रातला शिपाई तो. बोलतो थोडाच!"

"आमचे तर बोलतात बुवा," असं म्हणून माकड पुन्हा खेळात शिरलं.

खार तेवढी थांबली. "कोल्हेदादा, तुम्ही एकटेच होता का हो तिथे?"

"हो."

"अरेरे!" खार म्हणाली, आणि अगदी मनापासून म्हणाली.

कोल्ह्याला तिचा राग यायला हवा होता; पण आलं ते रडू. त्याने टॅब खाली ठेवला. तो उचलायला कोणीही पुढे आलं नाही.

तात्पर्य : कौतुक पळवून आणता येत नाही, आणि सोबत्यांना गप्प करून खेळणाऱ्याची जीतही मुकीच राहते.