आबांच्या स्वागताची क्रेन

जेसीबीतून फुलं उधळायची आणि क्रेनला टांगलेला हार गळ्यात घालायचा, असं स्वागत केलं तरच मोरदरा वाडीला पूल मिळेल, अशी अट आमदार सयाजीराव घोलवडे यांनी घातली. आमच्या वाडीत बैलगाडीसुद्धा येत नाही. मधे ओढा आहे.

त्या ओढ्यापायी माझा थोरला भाऊ गेला. भर श्रावणात सोपानदादाला साप चावला. झोळी करून त्याला काठापर्यंत आणला, पण पाणी उतरेना. दवाखाना पलीकडे होता, आम्ही अलीकडे. तो अलीकडेच गेला.

दिवाळी झाली आणि निवडणूक लागली. आमदार पलीकडच्या गावात प्रचाराला आले. सगळे त्यांना आबा म्हणतात. दादाची बायको, छबूवहिनी, ओढ्यातून कमरेएवढ्या पाण्यातून गेली आणि ओल्या लुगड्यानंच सभेत उभी राहिली. मी तिच्या मागे होतो.

"आबा, आमच्या पुलाचं काय झालं?"

"ताई, आचारसंहिता लागलीय. आता मी ओढ्यात पाटीभर मुरूम टाकला तरी माझ्यावर केस होईल."

"मागच्या निवडणुकीत पण तुम्ही हेच म्हणाला होतात."

"निवडणूक आली की आचारसंहिता लागणारच."

"आणि निवडणूक नसते तेव्हा?"

"तेव्हा मी मुंबईत असतो."

सभा हसली. हसू आपल्यावरच आहे हे आबांना जरा उशिरा कळलं. त्यांचे कान लाल झाले.

"पूल मागता, पण तुमच्या वाडीनं माझं स्वागत कधी केलंय? या गावानं बघा, जेसीबीतून फुलं उधळली, क्रेननं हार घातला. तुमच्या वाडीत, तुमच्या पिंपळाखाली, असंच स्वागत करा. मग निवडून आलो की पहिला पूल तुमचा. नाही जमलं, तर पुन्हा पुलाचं नाव काढायचं नाही."

आता सभा आमच्यावर हसली. मी खाली वाकून दगड उचलला. वहिनीनं न बघताच माझी मूठ दाबून धरली.

"ठरलं आबा," ती म्हणाली. "फुलं आमची, हार आमचा. यंत्रं काही आमच्याकडं नाहीत."

"यंत्रं पिंटूशेठ देईल. काय रे पिंटू?"

पिंटूशेठ म्हणजे आबांचा ठेकेदार. आबा जिथं जातील तिथं याचे जेसीबी आधी पोचलेले असत. आबांनी विचारलं की मान हलवायची, ही त्याची सवय. त्यानं मान हलवली. ओढा त्याला सभा उठल्यावर आठवला.

दुसऱ्या दिवशी तो काठावर उभा राहून पाण्याकडं बघत होता. "वहिनी, जेसीबी कसाबसा उतरेल. क्रेन काही येत नाही. हार हातानंच घाला की."

"घालू की. काल विरोधी पार्टीचा माणूस आला होता. म्हणाला, आमच्या उमेदवाराला क्रेननंच हार घालू, क्रेन कशी न्यायची ते आमचं आम्ही बघतो. त्याला हो म्हणते."

असा कुणी माणूस आला नव्हता. पण पिंटूशेठनं लगेच फोन लावला.

दुपारी दोन्ही काठ फोडायला सुरुवात झाली. सिमेंटचे पाईप आले, डबर आला, मुरूम आला. वहिनी पदर खोचून दगडावर बसली होती.

"पिंटूभाऊ, हे पाईप बारीक वाटतात."

"चार दिवसांचं तर काम आहे."

"असू द्या. पण क्रेन जड. नेमकी आबांच्या गळ्यात हार पडताना कलंडली, तर टीव्हीवर काय दाखवतील?"

मोठे पाईप आले, ओढ्यात बसले, वर मुरूम पडला. रोलर पण आला.

ठरलेल्या दिवशी आबा गाडीतून, पाय न भिजवता वाडीत आले. आमच्या शेतातला सगळा झेंडू जेसीबीतून त्यांच्यावर पडला. क्रेननं हार घातला. हार एवढा होता की आतले आबा शोधावे लागले. टीव्हीवाले पोचलेच होते.

"शाब्बास," हारातून आवाज आला. "अट पुरी केलीत. निवडून आलो की पूल देतो."

"आता कशाला आबा?" वहिनी म्हणाली. "तुमची गाडी वाडीत आली ती कशावरून?"

आबांनी हार बाजूला करून ओढ्याकडं पाहिलं. मग पिंटूशेठकडं पाहिलं. पिंटूशेठ आभाळाकडं बघत होता.

"अरे, आचारसंहितेत हे कुणी बांधलं?"

"आम्ही पाटीभर मुरूम टाकला नाही," वहिनी म्हणाली. "तुमच्याच माणसानं तुमच्या स्वागताचा मांडव घातलाय."

आबा पक्के होते. "मग कार्यक्रम झाला की मांडव उतरवायचा असतो. पिंटू, संध्याकाळपर्यंत पाईप उचल."

वहिनी शांतपणे टीव्हीवाल्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"उचला की आबा. पण निकालानंतर तुमची विजयाची मिरवणूक वाडीत कशावरून आणायची? का ती निघणारच नाही, असं तुम्हाला आत्ताच कळलंय?"

सगळी माणसं आबांकडं बघायला लागली. कार्यकर्त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पाईप उचलावेत तर आपण पडणार हे आपल्याच तोंडानं सांगितल्यासारखं, आणि ठेवावेत तर पूल झालाच.

आबा एकदम हसायला लागले. हसता हसता हार गदागदा हलला आणि झेंडू खाली सांडला.

"पिंटू, पाइपाला हात लावू नकोस. निकाल लागला की वर काँक्रीट घाल. मी आलो तरी आणि पडलो तरी." मग खांद्यावरची शाल काढून त्यांनी वहिनीपुढं धरली. "ही घ्या, आणि अजून काय पाहिजे ते मागा."

वहिनीनं शाल घेतली.

"सरकारी दवाखान्याची गाडी एकदा वाडीत पाठवायला सांगा. रिकामी. वळायला जागा पुरते का, ते बघायचंय."

दुसऱ्या दिवशी गाडी आली. पिंपळाखाली एका दमात वळली आणि रिकामी परत गेली.