सगुणेच्या हातांवरचे हात

केवलगिरी महाराजांचा मुक्काम तेव्हा सावरखेड्यासमोर, नदीपलीकडच्या मठात होता. गावातल्या सगुणा कुंभारणीच्या तान्ह्या चंद्राची दोन्ही पावले जन्मतःच आत वळलेली होती. गावचे बाळंभट जोशी मोठे ज्ञानी, पण तोरा ज्ञानाहून मोठा. हिने गर्भारपणी ग्रहणात विळी धरली, त्याचेच हे फळ, असे त्यांनी चारचौघांत सांगून टाकले. झाले! तेव्हापासून सगुणेला हळदीकुंकवालाही कोणी बोलावीना.

तिने मुलगी महाराजांच्या पायांवर घातली. "चिरली होती भाजी, महाराज. घरात जेवायला माणसं होती. माझं पाप लेकरानं का भोगावं?"

"विळी भाजी चिरते, बाई. पोटातल्या लेकराला ती काय करणार?" महाराज म्हणाले.

त्यांनी चंद्राला मांडीवर घेतले, पावलांना एरंडेल चोळले, दुखणार नाही इतपतच ती बाहेर वळवली आणि आपल्या छाटीच्या पट्ट्यांनी बांधली. दर सोमवारी असेच थोडे थोडे करायचे होते. हाडे कोवळी आहेत तोवरच हे साधेल, पावले सरळ दिसली तरी बांधणे सोडू नकोस, असे त्यांनी तिला बजावले.

पावले सरळ होऊ लागली. पण बाळंभटांना ते कुठले बघवते! दैवाच्या आड येऊ नका, असा धाक घालून त्यांनी सगुणेच्या नवऱ्याकडून पट्ट्या सोडवल्या. काही दिवसांत पावले पुन्हा आत वळली. त्यातच नदीला पूर आला आणि नाव बंद झाली. सगुणेला मठात जाता येईना. स्वतः वळवावीत, तर जोर जास्त होऊन लेकराचा पाय कायमचा जायचा.

शेवटी तिने महाराजांचे नाव घेऊन ते कोवळे पाऊल हातात धरले. आणि काय सांगावे! तिच्या हातांवर दुसरे हात आले. किती वळवायचे, कुठे थांबायचे, सारे त्या हातांना ठाऊक होते. चंद्रा रडलीसुद्धा नाही. त्याच वेळी पलीकडे मठात महाराज डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या बोटांवरून एरंडेल ओघळताना शिष्यांनी पाहिले.

पूर ओसरेपर्यंत दर सोमवारी ते हात येत राहिले. सगुणेनेही पुढे कोणाचे ऐकून पट्टी सोडली नाही.

पुढल्या वर्षी मठाच्या उत्सवात चंद्रा गर्दीतून चालत आली आणि तोल सावरायला तिने नेमके बाळंभटांचे धोतर धरले. त्यांनी खाली पाहिले. तिच्या पावलांचे दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले होते. महाराजांच्या बोटांवरून ओघळलेल्या एरंडेलाची हकीकत त्यांनी ऐकली होती आणि हसण्यावारी नेली होती. आता त्यांचे डोळे भरून आले. ते महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला वाकले, तो महाराजांनी पाय मागे घेतले.

"माझे नकोत, बाळंभट. तुमचं बोलणं सोसून जिनं लेकरू उभं केलं, तिचे धरा."

सगुणा संकोचून मागे सरली. पण बाळंभट साऱ्या गावादेखत तिच्या पायांशी वाकले.