जागा अडवणारा संगणक

यंत्रं बोलत, तेव्हाची गोष्ट. सकाळी सव्वानऊ, धरणाची कचेरी. साडेनऊला धरणाचे दरवाजे उघडायचे होते. पाणी सोडण्याआधी इशाऱ्याचा सायरन वाजवणाऱ्या म्हाताऱ्या लिनक्स संगणकातलं जुनं पॅकेज, म्हणजे सायरनचा प्रोग्राम, काढून नवं टाकलं होतं.

"आजोबा, मी नाही चालणार. मला ज्यांचा आधार लागतो, त्या तुमच्या लायब्रऱ्या फार जुन्या," नवं पॅकेज म्हणालं.

"अरे, खाली नदीवर बायका धुणं धुताहेत! आधीची पॅकेजं चालली की माझ्यावर!"

"ती तुमच्याच वयाच्या दुसऱ्या एका संगणकावर बांधलेली, म्हणून जुन्या-नव्या सगळ्यांवर चालायची. जागा अडवतो म्हणून त्या बांधणीच्या संगणकाला भंगारात काढलं. मला नव्यावर बांधलं."

दरवाजे वेळेवर उघडले. सायरन वाजला नाही. इंदूबाई शेलार आणि त्यांची सून वाहून गेल्या.

चौकशी अहवालाने म्हाताऱ्या संगणकाला दोषी धरलं. बांधणीचा संगणक भंगारात काढण्याच्या कागदावर सही कोणाची, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.