कवठाळीत गाव विचारत नाहीत

बसा असे वडाखाली. पाणी घ्या. तुम्ही आल्यापासून कोणत्या गावचे, कुणापैकी, असं इथं एकानंही विचारलं नाही, हे ध्यानात आलंच असेल. राग मानू नका. कवठाळीत पाहुण्याला गाव विचारत नाहीत. सोयरीक जमवायला आलेली माणसंसुद्धा आधी रुसून बसतात. मग कुणीतरी त्यांना ही हकिगत सांगतं. बहुधा मीच. गुरवाच्या घरात जन्मलो, त्यामुळे सुटका नाही.

ही समोरची नदी तेव्हा सरहद्द होती. अलीकडे एकाचं राज्य, पलीकडे दुसऱ्याचं. नावं कशाला घ्यायची, दोघंही गेले. दसरा झाला की फौजा हिंडू लागायच्या. अलीकडची फौज वैरण घेऊन जायची, मग पलीकडची यायची आणि त्यांना वैरण दिलीच का म्हणून मारायची. लढाईत कोण जिंकलं हे विचारायचंही लोकांनी सोडून दिलं होतं, असं सांगतात. इतिहासात कवठाळीचं नाव सापडायचं नाही. फौजा इथून नुसत्या जायच्या.

नदीच्या उतारापाशी सगुणा नावाची म्हातारी विधवा पाणपोई चालवायची. तिचा एकुलता एक मुलगा हैबती अलीकडच्या फौजेत गेला होता आणि कैक वर्षं त्याची खबर नव्हती. म्हणून पाणी ओतताना ती प्रत्येकाला विचारायची, "कुठल्या गावचा रं बाबा?" गाव कळलं की पुढचं ठरलेलं, "आमचा हैबती दिसला का रं कुठं?"

एके दुपारी अलीकडचे स्वार याच वडाखाली टेकले होते. तेवढ्यात नदी ओलांडून एक तरुण आला. हातात शस्त्र नाही, पाय रक्ताळलेले. ओंजळीनं पाणी प्यायला. सगुणेनं सवयीनं विचारलं, तिच्या मनात काही नव्हतं. त्यानंही आईला सांगावं तसं खरं सांगून टाकलं. गाव पलीकडचं निघालं.

स्वार उठले. हेर म्हणून त्याला धरलं आणि घोड्यामागे वाळूतून ओढत नेलं. तो ओरडत होता म्हणे, "हैबतीच्या आईला भेटायचंय मला! तिच्यासाठी निरोप आणलाय!"

"अरं थांबा, मीच ती!" करत सगुणा धावली. म्हातारं माणूस, तापलेली वाळू. ती पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. निरोप त्याच्याबरोबरच गेला. हैबती जिवंत आहे की नाही, एवढंही तिला कळलं नाही.

त्या पोराचे दिवस तिनं पोटच्या मुलासारखे केले. मग गाव गोळा झाल्यावर म्हणाली, "माझ्या इचारण्यानं मेला त्यो. आता हितं कुणी कुणाला गाव इचारू नका." गावानं बेलभंडार उचलून तशी शपथ घेतली.

पुढंही ती पाणपोईवर बसायचीच. फौजा येत राहिल्या. त्यातला एखादा हैबतीला ओळखतही असेल. तिनं तोंड उघडलं नाही. कितीदा सांगितली असेल ही गोष्ट, पण एवढं मात्र मला अजून सोसत नाही.

आजही आम्ही पाणी देतो आणि गप्प राहतो. पण पाहुणा आपण होऊन बोलू लागला, तर हातातलं काम टाकून त्याचं सगळं ऐकतो, मध्ये तोडत नाही. कुणाचा निरोप घेऊन आला असेल, सांगता येत नाही.

तुम्हाला काही सांगायचं असेल तर सांगा. मी दमलोय, पण बसतो.