दहा लाख नऊला कुणी नाही

“दोनशे त्र्याण्णवने भागून पाहिलं होतंत का, बुवा?” वेणूने विचारलं.

भिंतीला फूल वाहणारे शिष्यांचे हात जागच्या जागी थांबले. असा प्रश्न मठात आजवर कुणी विचारला नव्हता.

नागनाथबुवांनी तरुणपणी डोंगरातल्या गुहेत बारा वर्षं एकट्याने भागाकार केले होते. एक आणि ती स्वतः, यांखेरीज जिला कुणीच भागत नाही, अशी एकेक संख्या शोधून त्यांनी ती मठाच्या भिंतीत कोरली. शेवटची, सगळ्यांत मोठी... दहा लाख नऊ. शिष्य रोज सकाळी तिला हात जोडत.

वेणूनेही वर्षभर जोडले. मग एक दिवस ती धूळपाटी घेऊन बसली.

“काल आलेली पोर बुवांना भागाकार शिकवणार!” थोरले शिष्य माधवदास फिस्कारले. “झोळी उचल आणि चालू लाग.”

“बुवा म्हणाले तर जाईन. तुम्ही कोण सांगणार?”

बोलून गेली खरी, पण बुवा खरंच ‘जा’ म्हणाले तर? घर ती भांडून सोडून आली होती. परतायला उंबरा उरला नव्हता. आणि हा भागाकार तिने माधवदासांच्या कानावर घातल्यापासून, चार दिवस, मठात तिच्याशी कुणी अवाक्षर बोललं नव्हतं.

“मांड,” बुवा म्हणाले.

वेणूने धुळीत आकडे मांडले. बोट सरसर चाललं. शेवटी आठशे एकोणऐंशी उरले. दोनशे त्र्याण्णव त्रिक... आठशे एकोणऐंशी.

बाकी शून्य. भागाकार, तीन हजार चारशे तेरा.

“वाऱ्याने धूळ हलली असेल,” माधवदास म्हणाले.

“मग तुम्ही मांडा की.”

माधवदास जागचे हलले नाहीत.

बुवा मात्र वाकले. बोटाने त्यांनी दोन्ही संख्यांचा गुणाकार केला. सावकाश. एकदा... पुन्हा एकदा.

“माधवा, किती वर्षं झाली तुला इथे?”

“एकतीस, बुवा.”

“भाग देऊन पाहिलास कधी?”

“तुम्ही कोरलेल्याला भाग द्यायचा?”

“हं...” बुवांनी मान हलवली. “या पोरीची पाटी माझ्या खोलीत ठेव. उद्यापासून ती पहिल्या आकड्यापासून भिंत तपासेल.”

माधवदास पाटी उचलून निघून गेले. बाकीचेही पांगले.

वेणू जिंकली होती. पण बुवा अजून भिंतीसमोरच उभे होते, त्या शेवटच्या संख्येवर तळवा टेकून. तिला वाटलं होतं, म्हातारा चिडेल, आरडाओरडा करेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

“बुवा... रागावलात?”

बुवांनी तळव्याने कोरलेले आकडे हळूच चाचपले.

“गुहेत आम्ही दोघंच होतो, पोरी. मला वाटायचं, मला कुणी नाही, तसं हिलाही कुणी नाही...”

त्यांनी तळवा काढून घेतला.

“हिला तर दोघं होते.”